उलट्या हत्तीची जोडी

पहिलीच्या बाईंनी भूमिकाची वही शिवलीलापुढे उघडली आणि पानावर नुसतं बोट ठेवलं. फळ्यावर बाईंनी ‘बदक’ लिहिलं होतं, भूमिकानं ‘वदक’ उतरवलं होतं. फळ्यावरचा तीनचा आकडा वहीत येईस्तोवर कूस बदलून सहा झाला होता.

“मुलगी हुशार आहे हो,” बाई म्हणाल्या, “पण वरवर बघते. नीट बघायची सवय लावा तिला घरी.”

शिवलीलाला हे फार लागलं. आपल्या घरात वरवर बघणारं कुणी निपजावं ही गोष्टच तिला मान्य नव्हती. भाजीवाल्याच्या टोपलीतली खालची वांगी बघितल्याशिवाय वरचं वांगं उचलायची नाही, अशी तिची कोल्हापूरच्या राजारामपुरीत ख्याती. त्याच आठवड्यात गावात शैक्षणिक वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथून तिनं एक डबा आणला. डब्यावर चष्मा लावलेलं एक गुटगुटीत मूल होतं आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘जोडी शोधा. आपल्या पाल्याची दृष्टी तल्लख करा.’

डब्यात साठ पत्ते होते. कशावर वेली, कशावर मासे, कशावर पाकळ्या, कशावर नुसत्या तिरक्या रेघा. प्रत्येक नक्षीची खरी जोडी एकच. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन-तीन लबाड नक्ष्याही सोबत. कुठं एक ठिपका कमी, कुठं माशाचं तोंड उलटं. खरी जोडी दिसली की दोन्ही पत्त्यांवर दोन तळवे आपटायचे आणि मोठ्यांदा ‘जोडी!’ म्हणायचं. नियमांच्या कागदावर ‘मोठ्यांदा’ या शब्दाखाली रेघ मारली होती. ज्यानं ती मारली त्याला स्वतःला मूलबाळ नसावं, असं शिवलीलाच्या नवऱ्याचं, शशिधरचं, पुढे ठाम मत झालं.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला मायलेकी सतरंजीवर पत्ते मांडून बसू लागल्या. “वरवर बघू नकोस. नीट बघ,” एवढं एकच शिवलीलाचं पालुपद. पहिला पंधरवडा भूमिका रडली. तिसऱ्या आठवड्यात तिला माशाचं उलटं तोंड दिसायला लागलं. दीड महिन्यानं ती आईला हरवू लागली, आणि मग तिला साठ पत्ते पुरेनात.

पहिला बळी शशिधर. तो कचेरीला निघाला होता, बूट घालायला वाकला, तेवढ्यात त्याच्या दोन्ही पायांवर नजर रोखून भूमिका म्हणाली, “पप्पा, जोडी नाही! ह्या मोज्याला वरती रेघ आहे, ह्याला नाही.”

दोन्ही मोजे तपकिरी होते. शशिधर गेलं वर्षभर ते घालून साहेबासमोर पायावर पाय टाकून बसत होता. त्या दिवसापासून तो खुर्चीखाली पाय घेऊन बसू लागला.

दुसरा बळी शालूबाई. शालूबाई म्हणजे शेजारीण, पण नुसती शेजारीण नव्हे. तिची मुलगी जयसिंगपूरला बाळाबाईंच्या घरी दिली होती, ती शिवलीलाच्याच मध्यस्थीनं. बाळाबाई ही शिवलीलाच्या थोरल्या बहिणीची नणंद. शालूबाईनं दिवाणखान्याला नवे पडदे लावले आणि ते बघायला मायलेकींना बोलावलं. शिवलीलानं तोंडभर कौतुक केलं. भूमिका दोन पडद्यांच्या मधोमध उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाली, “काकू, ह्या फुलाला पाच पाकळ्या आहेत आणि त्या फुलाला सहा. तुम्हाला फसवलं.”

शालूबाईनं चहाचं आधण खाली उतरवलं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं.

तिसरा प्रसंग घडला गल्लीतल्या धोंडुबाईंच्या घरच्या हळदीकुंकवाला. धोंडुबाईंना दोन सुना. दोघींनाही त्यांनी एकेकीला आत बोलावून, “तुझी तेवढी मुद्दाम सांगून आणलीया, दुसरीला बोलू नको,” असं सांगून साडी दिली होती. एक जांभळी, एक मोरपंखी. भूमिकानं भर बायकांत मागून येऊन दोघींच्या पाठीवर दोन तळवे आपटले. “जोडी! नक्षी तीच आहे, रंग फक्त वेगळा!” धोंडुबाई त्यानंतर दोन दिवस देवळात बसून होत्या म्हणतात.

“हा डबा माळ्यावर टाक,” शशिधर म्हणाला. “गल्लीत आपल्याशी बोलणारं कुणी ठेवलं न्हाय पोरीनं.”

“टाकतीय! काल बाईंनी वहीत ‘उत्तम’ दिलाय. ‘बदक’ लिहिलंय पोरीनं, ‘बदक’!”

“बदकापायी माणसं गेली की.”

“खरं बघणाऱ्याचा राग येतो लोकांना. येऊ दे.”

हे वाक्य तिनं मोठ्या अभिमानानं उच्चारलं. नंतर कित्येक दिवस ते आठवलं की तिला जीभ चावावीशी वाटे.

शिवलीलाला दुःख असं एकच होतं, आणि त्याचं नाव अक्का. अक्का म्हणजे दानम्मा, नेसरीला दिलेली तिची थोरली बहीण, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा शिवलीला सात वर्षांची होती. अक्कानं तिला आपल्या सासरी नेसरीला आणलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत घातलं, आणि आपल्या दारात मांडव घालून तिचं लग्न लावून दिलं. शिवलीलाचं माहेर म्हणजे अक्काचं घर. वर्षातून दोनदा अक्का गुळाची ढेप आणि शेंगांचं पोतं घेऊन कोल्हापूरला यायची, आठ दिवस राहायची आणि घरातली सगळी भांडी पुन्हा घासून जायची.

भूमिकाच्या बारशाला अक्कानं एक कुंची आणली होती. तिच्या काठावर कर्नाटकी कशिद्यातले बोटभर हत्ती, एकामागं एक, आणि त्यातला एकच तोंड फिरवून मागं बघणारा. टाके मोजून काढायचं ते काम. अक्काचा हात त्यात असा की कशिद्याची उलटी बाजू कुठली ते कळू नये. बारशाला आलेली प्रत्येक बाई ती कुंची हातात घेऊन बघत होती. त्या कुंचीबरोबर अक्कानं बाळंतिणीला साडी दिली, ती मात्र सुती इरकली. गर्द हिरवी, लाल काठाची, बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या नेसतात तसली. धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाला शिवलीलाची रेशमाची अपेक्षा होती. तिनं साडी कपाळाला लावली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि मनात एक अढी घालून ठेवली.

तो खालचा कप्पा म्हणजे आहेराच्या साड्यांचा. आहेराची साडी ही नेसण्यासाठी नसतेच, ती फिरण्यासाठी असते. ती एका घरात कुंकवाचं बोट लावून येते, कप्प्यात विसावा घेते, आणि दुसरं बोट लावून पुढच्या घरी जाते. तिची घडी कुणी मोडत नाही, कारण मोडलेली घडी पुढं जात नाही. शिवलीलाचा ह्यात एकच दंडक होता. साडी कुणी दिली हे पक्कं लक्षात ठेवायचं, म्हणजे ती चुकून त्याच घरी परत जात नाही. कुणाला दिली हे लक्षात ठेवायचं तिला कधी कारण पडलं नव्हतं. ती हिरवी इरकलीही तिनं वर्षाच्या आत अशीच कुणाच्या तरी वास्तुशांतीला काढून टाकली होती.

आणि गेली चार वर्षं अक्काचं येणं बंद झालं होतं. भांडण नाही, तंटा नाही. फोन केला तर “बरं हाय”, “बघू की”, “कामं हायत”, असं तुटक बोलणं. दाजींनी ट्रॅक्टर घेतल्यापासून अक्काला शिंगं फुटली, असं शिवलीला शशिधरला सांगायची, आणि सांगून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगीच कढई घासत बसायची. अक्काशिवाय तिचं माहेर म्हणून दुसरं काही नव्हतं.

अशात अक्काच्या मुलीचं, महादेवीचं, लग्न ठरलं. पत्रिका पोस्टानं आली. पूर्वी अक्का स्वतः कुंकू लावायला आली असती. तरीही शिवलीलानं ठरवलं, या लग्नात अक्काला परत आपलीशी करायचीच. तिच्यासाठी तिनं नवीकोरी रेशमी साडी घेतली, खालच्या कप्प्यातली नव्हे.

“डबा न्यायचा न्हाय,” शशिधर एसटी स्टँडवर म्हणाला.

“नाही नेला,” शिवलीला म्हणाली. आणि तिनं खरंच नेला नव्हता. पण भूमिकाचे डोळे घरी ठेवून येण्याची काही सोय नव्हती. तिच्या काखेत तिची बाहुली होती, आणि बाहुलीच्या डोक्यावर ती हत्तींची कुंची.

हळदीच्या दिवशी दुपारी ते नेसरीला पोचले. मांडवात पाहुण्यांची गर्दी, चुलाणावर हुग्गीच्या खिरीचा गहू शिजत होता, आणि अक्का पदर कमरेला खोचून सगळीकडं पुरी पडत होती. ती वाळली होती. डोळे बारीक करून बघत होती.

“आलासा? बसा, चा आणतो,” ती म्हणाली.

बसा! पाहुण्याला म्हणावं तसं. तरी शिवलीला हसली, महादेवीला जवळ घेतलं, रेशमी साडी अक्कापुढं धरली. अक्कानं ती घडी कपाळाला लावली, “चांगली हाय,” म्हणाली आणि आत ठेवून आली.

मग अक्का मांडवाच्या कडेला तांदूळ निवडायला बसली. बसताना तिनं खोचलेला पदर सोडला आणि पाठीवरून घेतला. भूमिका बाहुली घेऊन तिच्यामागं उभी होती. तिनं पदराकडं बघितलं, बाहुलीकडं बघितलं, पुन्हा पदराकडं बघितलं. आणि एक तळवा बाहुलीच्या डोक्यावर, एक मावशीच्या पाठीत, असा आवाज काढला की चुलाणाजवळचे आचारीसुद्धा वळले.

“जोडी!”

सूप उडालं. पायलीभर तांदूळ मांडवभर झाला.

“आग्गं आई! कोन गं ही?” अक्का पाठ चोळत म्हणाली.

“मावशी, हा बघ उलटा हत्ती! आणि हा बघ! हे सगळे तिकडं बघतात आणि हा एकटा इकडं. खरी जोडी आहे. लबाड नाही!”

शिवलीला पोरीला धपाटा घालायला धावली आणि वाटेतच थांबली. अक्काच्या पाठीवर हिरव्या पदरावर हत्तींची रांग होती. पांढऱ्या, केशरी दोऱ्यातले, बोटभर हत्ती. पाचवा हत्ती तोंड फिरवून मागं बघत होता.

“अक्का, हे तू काढलंस?”

“व्हय.” अक्का खाली वाकून तांदूळ गोळा करायला लागली.

“कधी?”

“लई दिस झालं. सूप दे तेवढं हिकडं.”

शिवलीलानं सूप दिलं नाही. सहा वर्षांची अढी आत फुगायला लागली होती. “म्हणजे मला साधी इरकली, आणि स्वतःला कशिदा! अक्का, मी एकटी बहीण तुझी.”

“मी न्हाय गं स्वतःला काढली. मला बाळाबाईनं दिली आहेरात.”

आपलं नाव ऐकून बाळाबाई मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडनं आल्या. बाळाबाईंचा आवाज असा की त्यांना फोन लागत नसे, त्या जयसिंगपुरातनं तशाच बोलत, अशी दाजींची थट्टा होती. “मीच दिलती की!” त्या म्हणाल्या. “गांधीनगरातनं निवडून आणली. धा दुकानं पालथी घातलो. म्हटलं वैनीला हत्ती शोभून दिसतील.”

“पण हत्ती तर अक्कानं काढलेत,” शिवलीला म्हणाली.

“असतील. दुकानात न्हेऊन इकलं असतील.”

“अक्का काय दुकानाला कशिदा देते?”

आता चार बायका जमल्या. तांदूळ तुडवत आणखी चार आल्या. शिवलीलाच्या अंगात वकील संचारला. तिनं बाहुलीच्या डोक्यावरची कुंची काढली आणि पुराव्यासारखी वर धरली. “ही कुंची अक्काच्या हातची. ही साडी अक्काच्या हातची. आणि साडी दिली बाळाबाईंनी. म्हणजे काय झालं? अक्कानं कशिदा काढून साडी नणंदेला दिली, आणि नणंदेनं तीच फिरवून परत तिच्या अंगावर घातली! सख्ख्या बहिणीला साधी, आणि नणंदेला हत्ती!”

“लिले, गप,” अक्का म्हणाली. “पावणं बघायलेत.”

“बघू देत! आज खरं काय ते होऊ दे.”

“ए बया, मला वैनीनं कुठं दिली?” बाळाबाई भडकल्या. दिलेली साडी परत दिल्याचा आळ काही लहान नव्हे. “उगं तोंडाला येईल ते बोलू नको. मला माझ्या इहिणीनं दिलती!”

“मग गांधीनगर?”

“आता सगळंच काय ध्यानात ऱ्हातंय व्हय मानसाच्या!” बाळाबाईंनी हात झटकला. “पोराच्या लग्नात शालूबाईनं दिलती मानाची म्हणून. तुझीच शेजारीण की. मी घडी बी न्हाय मोडली, तशीच उचलून दसऱ्याला वैनीला...”

बाळाबाई थांबल्या, पण उशिरा. मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. प्रत्येकीला आपापला खालचा कप्पा आठवला असावा, कारण हसणं फार वेळ टिकलं नाही.

शिवलीला मात्र आता थांबायला तयार नव्हती. भाजीच्या टोपलीतलं सगळ्यात खालचं वांगं तिच्या हाताला लागायला आलं होतं. “शालूबाई!” ती म्हणाली. “शालूबाई जन्मात नेसरीला आली नाही. अक्काची-तिची ओळख नाही. मग अक्काच्या हातची साडी तिच्या घरात गेली कशी?”

“कुनीतरी दिली असंल,” एक म्हातारी म्हणाली.

“तेच विचारतीय मी! कुणी दिली? शालूबाईच्या घरात जाणारं, आणि अक्काच्या घरचं, असं माणूस आहे तरी कोण? अक्कानं जिला साडी दिली, तिनंच ती नेऊन शालूबाईच्या वास्तुशांतीला...”

वर धरलेली कुंची तिनं खाली घेतली.

शालूबाईच्या वास्तुशांतीला घाई झाली होती. भूमिका तापानं किरकिरत होती. शिवलीलानं खालच्या कप्प्यातली हाताला लागली ती हिरवी घडी काढली, ताटात नारळ ठेवला, घडीच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि पाच मिनिटांत देऊन परत आली. आता तिला ते सगळं लख्ख दिसत होतं. ताट कुठलं होतं तेसुद्धा.

तेवढ्यात दाजी, म्हणजे ईरप्पा, बाहेरून आले. “तांदूळ कुनी सांडलं?” त्यांनी विचारलं.

“काका!” भूमिका आनंदानं ओरडली. “आईनं जोडी शोधली!”

दाजींनी सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. बायकोच्या पाठीवरचे हत्ती बघितले, मेहुणीच्या हातातली कुंची बघितली. त्यांना चार वर्षांपासून सगळं ठाऊक होतं. “पोरीला कसला खेळ आनलाय म्हनं बघायचा,” ते म्हणाले. “पोरीच्या आईला बी येक डबा आनायचा हुता.” आणि ते आचाऱ्यांकडं निघून गेले.

“अक्का,” शिवलीला म्हणाली.

“तुलाच दिलती की,” अक्का म्हणाली.

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते तांदूळ गोळा करता करता म्हटलं.

“कुंची आधी काढली. लाइट गेली आणि मोजताना टाका चुकला, त्यो हत्ती मागं फिरला. उसवायला लागलो, तर तुझं दाजी म्हनलं, असू दे, छान दिसतोय. मग साडीवर बी मुद्दाम तसाच काढला. म्हटलं, मायलेकी जोडीनं घालतील. पदर आत घालून घडी केली. म्हटलं, उलगडशील तवा दिसंल आणि फोन करशील. वरीसभर फोनची वाट बघितली मी.”

“मी उलगडलीच नाही गं.”

“व्हय. ते बाळाबाईनं आनल्यावर कळलं. घडीवर कुंकवाची चार बोटं हुती. पयलं माझंच हुतं.”

“मग बोलली का नाहीस? चार वर्षं!”

“काय बोलायचं? द्यायचं ते दिलं. दिलेल्याचं काय इचारत बसायचं असतंय व्हय?”

शिवलीला खाली बसली आणि रडत रडत तांदूळ गोळा करायला लागली. दाजींच्या ट्रॅक्टरला तिनं किती नावं ठेवली होती! कोल्हापुरात बसून ती अक्काच्या शिंगांबद्दल बोलत होती, आणि इथं अक्का चार कुंकवाची बोटं मोजून गप्प बसली होती. मुलीला रोज संध्याकाळी नीट बघ, नीट बघ म्हणून जीव खाणाऱ्या बाईला बहिणीनं दिलेली एक घडी उलगडता आली नव्हती. हे उसवून पुन्हा घालता येणार नव्हतं.

बाळाबाईही येऊन बसल्या. तांदळाला त्यांचाही हात लागला. त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या, “मी बी उलगडली असती तर म्या ठेवून घेतली असती. लई देखणी हाय.”

संध्याकाळच्या आत मानाच्या साड्या वाटून झाल्या. हळद लागायच्या आधी अक्का आतून शिवलीलाची घेऊन आली. नारळ, खण आणि वर साडीची घडी, कोपऱ्याला कुंकवाचं ताजं बोट. साडी सुती, गर्द निळी, केशरी काठाची.

मानाची साडी डोळ्यांना लावायची, ओटीत घ्यायची आणि पिशवीत घालायची, ही रीत. शिवलीलानं ती तिथंच, भर मांडवात उलगडायला घेतली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. साडी पाहुण्यांच्या पायांवरून पसरत गेली. बसलेल्या बायका सरकल्या, एका म्हाताऱ्या पाहुण्यानं काय चाललंय ते न कळून पाय वर घेतले. शशिधर लांबून खुणा करत होता. शिवलीला थांबली नाही. शेवटी पदर हाती आला. तिनं तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. पदर साधा होता. एक टाका नव्हता त्यावर.

“काय हुडकतीयास?” अक्का म्हणाली.

शिवलीलानं पदर पुन्हा एकदा उलटा केला.

“आता न्हाय व्हत गं माझ्याच्यानं. साखरंनं डोळं गेलं. दोन वर्सं झाली, सुईत दोरा बी महादेवी ववून देती. ही बी आता चालली.” अक्कानं पदर तिच्या हातातून घेतला आणि सवयीनं त्याच्या काठावरून बोट फिरवलं. “तुझी तेवढी एकच झाली. तिच्यानंतर हात लागला न्हाय कशिद्याला.”

शिवलीला साडी उचलून आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं ती नेसलेली होती. फॉल नाही, बीडिंग नाही, खळ तशीच असल्यानं साडी चारी बाजूंनी फुगलेली, आणि वर सकाळी कोल्हापुरातून घालून आलेला गुलाबी जरीचा ब्लाउज. बाळाबाईंपासून सुरुवात होऊन सगळा मांडव हसला.

“आई!” भूमिका घाबरून म्हणाली. “ब्लाउज जुळत नाही!”

“असू दे,” शिवलीला म्हणाली.

महादेवीला हळद लागायला लागली होती. अक्काचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. हसण्याचा आवाज ऐकून तिनं वळून डोळे बारीक केले. तिला नीट दिसेना, म्हणून ती उठून जवळ आली, अगदी नाक साडीला लागेल इतकी, आणि तिला कळलं.

“नेसलीस व्हय?” ती म्हणाली.

“नेसले.”

अक्कानं हळदीनं भरलेला हात उचलला आणि शिवलीलाच्या खांद्यावर, नव्याकोऱ्या निळ्या पदरावर, पाची बोटं उमटतील असा दाबून धरला.

“आता बघू,” ती म्हणाली, “कुनाच्या आहेरात देतीस ती.”